मावशींनी प्रार्थना नको म्हटलं, आता मी काय करू?

सलाम ताई,

मी ऐरोलीला राहते, नोकरी ठाण्यात. माहेर नगरचं, पणजोबांपासून ख्रिस्ती घर. रविवारची उपासना, नाताळ, लेंटचे उपास सगळं लहानपणापासून होतं, पण विश्वास म्हणजे काय हे कळलं ते आमच्या कॉटेज मीटिंगमधल्या, म्हणजे घरगुती प्रार्थनासभेतल्या, एका मावशींमुळे. त्या कोपरखैरण्याला राहतात. आयुष्यभर नर्सची नोकरी केली. त्यांच्या बायबलला मेणकापडाचं कव्हर आहे आणि आत पानापानांत चिठ्ठ्या. ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं. माझं नाव त्यात बारा वर्षं आहे. लग्न, घराचं कर्ज, मुलाची ॲडमिशन, काहीही असो, माझा पहिला फोन मावशींना. २०२१ मध्ये पप्पांना कोविड झाला तेव्हा रोज रात्री त्यांनी फोनवर प्रार्थना केली आणि पप्पा सुखरूप घरी आले. मावशींनी प्रार्थना केली की काम होतंच, असं आमच्याकडे सगळेच म्हणायचे.

यंदा त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळतं. आम्ही मीटिंगमधल्या पाच-सहा जणी भेटायला गेलो. गीत म्हणून झालं. मी प्रार्थनेसाठी त्यांचा हात धरला, तर त्यांनी तो सोडवून घेतला. म्हणाल्या, "नको. ऐकतंय कोण?" आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

ताई, त्या दिवसापासून माझ्या तोंडून प्रार्थना निघत नाही. बायबल उघडलं की मावशींचाच आवाज कानात येतो आणि मी ते मिटून टाकते. रात्री इअरफोन लावून यूट्यूबवर एका पास्टरांचे मेसेज ऐकते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मावशींसारख्या बाईचं असं झालं, तर माझ्यासारखीचं काय? माझा विश्वास खोटाच होता का? दोन महिने झाले, मी पुन्हा गेलेले नाही. जावं का?

तुमची धाकटी बहीण,
ऐरोली

सलाम.

शेवटचा प्रश्न तू दोन शब्दांत उरकला आहेस, पण मला तोच सगळ्यांत निकडीचा वाटतो. म्हणून त्याचं उत्तर आधी देते. जा. याच आठवड्यात जा. तुझ्या विश्वासाबद्दल आपण खाली सविस्तर बोलू, पण जिने बारा वर्षं तुझं नाव उचलून धरलं ती अंथरुणाला खिळलेली असताना तू दोन महिने तिकडे फिरकली नाहीस, हे बरं झालं नाही. रागावून म्हणत नाही. तुला धक्का बसलाय हे तुझ्या ओळीओळीतून दिसतंय. पण धक्का तुला बसला, आणि झटका मावशींना आला. तुझ्या पत्रात मावशींचं दुखणं चार ओळींत येतं आणि त्या दुखण्याने तुझं काय झालं ते मात्र पुढे बरंच येतं. हे लक्षात आणून देणं मला भाग आहे, कारण माझ्या मते सगळ्या गोष्टीचं मूळ इथेच आहे.

त्याआधी एक अगदी व्यवहाराची गोष्ट. पक्षाघातातून वाचलेल्या दर तीनांपैकी साधारण एका माणसाला पुढे नैराश्य येतं. मेंदूला इजा झालेली असते, हातपाय आपले राहिलेले नसतात, आणि आयुष्यभर दुसऱ्यांना उठवून बसवणाऱ्या नर्सला आता कुणीतरी कुशीवर वळवायला लागतं. "ऐकतंय कोण?" हे वाक्य विश्वासाचं असेल, आजाराचंही असेल, बहुतेक दोन्हीचं असेल. मावशींच्या मुलाला किंवा सुनेला सांग, की न्यूरॉलॉजिस्टकडे पुढच्या वेळी जाल तेव्हा मूड, झोप आणि जेवण या तिन्हींबद्दल मुद्दाम बोला. यावर औषधं आहेत आणि ती चालतात. घरच्यांना कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरावर आहे. आणि मीटिंगमधल्या कुणी "विश्वास कमी पडला म्हणून असं झालं" असं म्हणायला तोंड उघडलं, तर तू तिथल्या तिथे थांबव. एलिया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून "आता मला मरण दे" म्हणाला, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं. मग दूताकरवी भाकर आणि पाणी दिलं. पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. बोलणं नंतर झालं.

आता तुझ्या विश्वासाकडे वळते.

तू ठाण्याला नोकरीला जातेस म्हणजे तलावपाळीवरून कधीतरी जाणं होतच असेल. तिथलं जुनं कॅथलिक चर्च योहान बाप्तिस्म्याच्या नावाचं आहे, शेजारच्या शाळेलाही तेच नाव. या योहानाची गोष्ट तू शंभर वेळा ऐकली आहेस. तरी तुझं पत्र वाचताना मला पहिल्यांदा तोच आठवला.

यार्देनेच्या काठी येशूकडे बोट दाखवून "हा पाहा देवाचा कोकरा" म्हणणारा योहानच. त्याच्याइतकं ठाम कुणीच बोललं नव्हतं. आणि हाच योहान हेरोदाच्या कैदेत पडल्यावर आपल्या शिष्यांकरवी येशूला निरोप धाडतो: जो येणार होता तो तूच ना, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहायची? काळोख्या कोठडीत, मरण समोर दिसत असताना, ज्याच्यासाठी सगळं आयुष्य घालवलं त्याच्याबद्दलच ही शंका. मावशींचं "ऐकतंय कोण?" यापेक्षा फार वेगळं आहे का?

पुढे काय झालं ते मत्तयाच्या अकराव्या अध्यायात नीट वाच. येशूने योहानाला खडसावलं नाही. शिष्यांना सांगितलं, तुम्ही जे ऐकता आणि पाहता ते जाऊन त्याला सांगा. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते. मग ते शिष्य निघून गेले आणि येशू लोकसमुदायाकडे वळून म्हणाला, की स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कुणी झाला नाही. हे कौतुक कधी केलं बघ. यार्देनेवर योहान गर्जत होता तेव्हा नाही. त्याचा शंकेचा निरोप येऊन पोचल्यानंतर, सगळ्या लोकांदेखत. योहानाचं मोठेपण त्याच्या मनाच्या अवस्थेवर टांगलेलं नव्हतं. मावशींचंही नाही. त्यांनी बारा वर्षं तुला जे दाखवलं ते, भिंतीकडे तोंड फिरवल्याने खोटं ठरत नाही.

पण योहानाच्या शिष्यांचं काय झालं, ते मला तुला जास्त सांगायचंय, कारण तू तिथे आहेस.

योहानाच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे दोन शिष्य भेटतात. त्याने येशूकडे बोट दाखवलं आणि हे दोघे त्याला सोडून येशूच्या मागे चालायला लागले. त्यातला एक अंद्रिया, पेत्राचा भाऊ. गुरूचा अपमान झाला असं योहानाला वाटलं नाही, उलट "त्याची वृद्धी व्हावी व माझा ऱ्हास व्हावा" हे त्याचेच शब्द पुढे तिसऱ्या अध्यायात येतात. आणि आता प्रेषितांच्या कृत्यांचा एकोणिसावा अध्याय काढ. योहानाला मारून वर्षं लोटलीत. पौल इफिसला पोचतो तर तिथे त्याला सुमारे बारा माणसं भेटतात. त्यांना योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक आहे, पवित्र आत्मा आहे हे त्यांनी ऐकलेलंसुद्धा नाही. चांगली माणसं होती ती. निष्ठावान होती. पण बोट दाखवणाऱ्यापाशीच थांबली होती. पौल त्यांना हाकलत नाही, योहानाला नावंही ठेवत नाही. योहान ज्याच्याबद्दल सांगत होता तो येशू, एवढंच तो सांगतो, आणि ती माणसं पुढे जातात.

तुझा विश्वास खोटा होता का, असं तू विचारतेस. खोटा नव्हता. इफिसच्या त्या बारा जणांचा खोटा नव्हता, तसाच. अर्ध्या वाटेवर थांबलेला होता. तू स्वतःच लिहिलंस की काहीही झालं तरी पहिला फोन मावशींना. दुसरा कुणाला होता, हे पत्रात कुठे आलेलं नाही. "मावशींनी प्रार्थना केली की काम होतंच", हे तुमच्या मीटिंगमधलं वाक्य तर मला फार खटकलं. प्रेमाने म्हटलं जात असेल, पण त्यात देव कामाला ठेवल्यासारखा होतो आणि मावशी मध्यस्थ. एका बाजूने तुम्ही सगळ्यांनी त्या बिचारीवर केवढं ओझं टाकलं होतं, याचा विचार कर. पप्पा बरे झाले तेव्हा श्रेय त्यांचं. मग ज्यांचे पप्पा २०२१ मध्ये परत आले नाहीत, त्यांच्यासाठीही मावशींनी रात्री जागवल्या असतीलच ना? त्या चिठ्ठ्यांमध्ये तीही नावं असतील. त्यांचं काय करायचं, हे त्या कुणाशी बोलल्या असतील? सगळ्या ज्यांच्याकडे धावत येतात त्यांनी स्वतः कुणाकडे जायचं? मला तर वाटतं, हात सोडवून घेण्याच्या कितीतरी आधीपासून मावशी दमल्या होत्या.

मदर तेरेसांची गोष्ट तुला ठाऊक असेल. त्या १९९७ मध्ये गेल्या, आणि त्यांनी आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना लिहिलेली पत्रं २००७ मध्ये छापून आली. देव जवळ आहे असं जाणवणं त्यांच्या आयुष्यातून जवळजवळ पन्नास वर्षं नाहीसं झालं होतं, असं त्या पत्रांतून दिसतं. ती पत्रं नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती. त्या हसऱ्या चेहऱ्याकडे पाहून कितीजणांनी ठरवून टाकलं असेल की यांना देव रोज भेटतो, आपल्याला भेटत नाही, म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी आहे. आपण संतमाणसांकडे पाहून स्वतःला मोजत बसतो, आणि त्यांच्या आत काय चाललंय याचा आपल्याला पत्ता नसतो.

यावर उपाय म्हणून काहीजण दुसऱ्या टोकाला जातात. आता कुणाचंच ऐकायचं नाही, मी आणि माझा देव, बाकी माणसं अपुरीच. तू तिकडे जाऊ नयेस. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पत्र मला इथे फार उपयोगाचं वाटतं. तिथे गट पडले होते. मी पौलाचा, मी अपुल्लोचा, मी केफाचा म्हणजे पेत्राचा. पौल त्यांना सांगतो, मी लावलं, अपुल्लोने पाणी घातलं, वाढवणारा देव. इतकं सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी तो आणखी एक गोष्ट म्हणतो, तिकडे लक्ष जात नाही. तो म्हणतो, सगळं तुमचं आहे. पौल, अपुल्लो, केफा, सगळे तुमचे, आणि तुम्ही ख्रिस्ताचे. म्हणजे त्यांना टाकून द्या असं नाही. तुम्ही त्यांचे होऊ नका, ते तुमचे आहेत. देवाने तुम्हाला दिलेले. मावशी तुला दिल्या गेल्या होत्या. अजूनही आहेत. तू त्यांची नाहीस.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं, ते आपल्याच माणसांत पाहायचं तर पंडिता रमाबाई आहेत. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा आणि छोट्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन म्हणजे रमाबाईंची धर्मातली आईच. या मायलेकी त्यांना 'आजीबाई' म्हणत. विचार कर, नुकतीच विधवा झालेली पंचविशीची बाई, परका देश, परकी भाषा, आणि मायेचं माणूस हे एकच. दुसरी कुणी असती तर आजीबाई म्हणतील ती पूर्व दिशा, असं झालं असतं. रमाबाईंनी तसं होऊ दिलं नाही. त्रैक्यापासून चर्चच्या अधिकारापर्यंत कितीतरी गोष्टींवर त्या आजीबाईंशी पत्रांतून भांडल्या. मी ख्रिस्ताच्या मंडळीतली आहे, पण पाद्री किंवा बिशप यांच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द मानायला मी बांधलेली नाही, अशा अर्थाचं त्यांनी स्पष्ट लिहिलं. सिस्टर जेराल्डीन दुखावल्या, कधी चिडल्या. पण नातं तुटलं नाही. ती भांडणाची पत्रं सिस्टरनीच जपून ठेवली, म्हणून तर आज ती आपल्याला वाचायला मिळतात.

आणि याच रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत सांगितलं, की बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाल्यावर माझ्या ध्यानात आलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता. केडगावचं मुक्ती उभं राहिलं ते त्यानंतर. मला या कबुलीचं फार वाटतं. उत्तमातली उत्तम माणसं भोवती होती, शिकवण चोख होती, बाप्तिस्मा झाला होता, आणि तरी ही एक गोष्ट दुसऱ्या कुणाला त्यांच्यासाठी करता आली नाही. तू तर बारा वर्षांनी का होईना, त्या जागेवर येऊन उभी आहेस. तुला वाटतंय सगळं संपलं. मला उलट वाटतंय.

"माझ्यासारखीचं काय?" असं तू लिहिलंस ना, त्यावरही थोडं. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू मारले गेले. पुढे काही वर्षांनी ओदोरिक नावाचा आणखी एक फ्रान्सिस्कन प्रवासी ठाण्याला आला आणि त्यांच्या अस्थी घेऊन थेट चीनला गेला. त्या चौघांची नावं इतिहासात आहेत. पण ओदोरिकच्याच लिखाणात एक उल्लेख असा आहे, की तेव्हा ठाण्यात ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती. पूर्वेकडच्या जुन्या परंपरेतली, नेस्टोरियन. त्यातल्याच एका घरात हे चौघे उतरले होते. त्या पंधरा घरांतल्या एकाही माणसाचं नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही. सातशे वर्षांपूर्वी या खाडीकाठी संध्याकाळी दिवा लावून ती माणसं प्रार्थना करत असतील आणि देव त्यांचं ऐकत असेल, हे चौघे येण्याच्या आधीही आणि गेल्यानंतरही. देवासमोर अशी वरची आणि खालची रांग नसते. मावशींचा नंबर आधी लागतो आणि मग तुझा, हे तू ठरवलंस.

सदराच्या इतर वाचकांसाठी इथे एक फरक सांगते, कारण या विषयावर दुसऱ्याच प्रकारची पत्रंही येतात. मावशींनी कुणाचं काही वाईट केलेलं नाही, त्या आजारी आहेत आणि खचल्या आहेत. पण कधीकधी ज्याला मान दिला तो खरोखरच पाप करत असतो. ख्रिस्ती वक्ते रवी झकरायस यांची व्याख्यानं आपल्याकडेही घराघरांत ऐकली जायची. ते मे २०२० मध्ये वारले आणि त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांच्या चौकशीचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आला. अनेक वर्षं स्त्रियांचं लैंगिक शोषण केल्याचं त्यात पुढे आलं. अशा वेळी "माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका" हे वचन तोंडावर फेकून बायकांना गप्प बसवलं जातं. ते एकशे पाचव्या स्तोत्रातलं आहे, आणि तिथे विषय अब्राहाम, इसहाक, याकोब या परक्या मुलखांत भटकणाऱ्या निराधार कुटुंबांचा आहे. पाळकाची चौकशी करू नये असा त्याचा अर्थ होत नाही. तुमच्या बाबतीत असं काही घडत असेल तर आधी सुरक्षित व्हा, विश्वासातल्या माणसाला सांगा, पोलिसांत जा. क्षमेचं बोलणं घाईने कुणाला करू देऊ नका.

पुन्हा तुझ्याकडे येते. यूट्यूबच्या त्या पास्टरांना मी ओळखत नाही, चांगलेच असतील. तरी काही आठवडे ते बंद ठेव. मावशींची रिकामी झालेली खुर्ची तू दुसऱ्या कुणाला तरी देऊ पाहते आहेस, आणि या वेळी अशा माणसाला, की ज्याला तुझं नावही माहीत नाही. त्यांच्या आवाजाने बरं वाटतं कारण तेवढा वेळ तुला स्वतःला बोलावं लागत नाही. बिरुयाच्या लोकांनी पौल सांगतो ते खरं आहे का, हे रोज शास्त्र उघडून पाहिलं, आणि त्याबद्दल त्यांना शाबासकी मिळाली. साक्षात पौलाला जर तपासायचं, तर बाकीच्यांची काय कथा.

मार्ककृत शुभवर्तमान घे. सोळाच अध्याय आहेत, चौघांत सर्वांत लहान. रोज थोडं वाच, लोकलमध्ये वाचलंस तरी चालेल. वाचताना मावशी यावर काय म्हणाल्या असत्या, हा विचार येईल. येऊ दे, पण तिथे थांबू नकोस. येशू इथे काय करतोय, कुणाशी बोलतोय, कुणावर चिडतोय, ते बघ. आणि मग जे मनात असेल ते त्याला सांग. रागावली असशील तर राग सांग. "माझी मावशी अशी का पाडलीस?" हीसुद्धा प्रार्थनाच आहे. स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढून बघ. बाकीची बहुतेक दुःखाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरी ते बायबलात आहे. मावशींच्या सुरेल, लांबलचक प्रार्थनेसारखी प्रार्थना तुला यायची गरज नाही. तुझी दोन वाक्यांची असेल. चालेल.

मीटिंग मात्र सोडू नकोस. पूर्णपणे मावशींवर विसंबून असलेली ती मीटिंग या घटकेला विस्कटली असणार. तिथल्या बाकीच्या जणींनाही तुझ्यासारखंच झालं असेल आणि कुणी बोलत नसेल. तू बोल. "मला दोन महिने प्रार्थना जमत नाहीये" एवढं तू म्हटलंस की आणखी दोघी तरी मान हलवतील. पाळकसाहेबांनाही सांग, त्यांना मावशींच्या घरी प्रभुभोजन घेऊन जाता येईल का ते विचार. मावशींनी नको म्हटलं तर नको. पण विचारलं गेलं पाहिजे.

मार्कच्या दुसऱ्या अध्यायात तुला एक पक्षघाती माणूस भेटेल. चौघांनी त्याला खाटेसकट उचलून आणलं, दाराशी गर्दी होती म्हणून छप्पर उसकटून त्याला येशूपुढे खाली सोडलं. येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला, असं मार्क लिहितो. खाटेवरचा माणूस काही बोलल्याची नोंद नाही. त्याचा विश्वास होता की नव्हता, तो त्या वेळी चिडलेला होता की निराश, काही ठाऊक नाही. खाट उचलणाऱ्यांचं पाहिलं गेलं. इतकी वर्षं मावशींनी तुझ्या खाटेचा कोपरा धरला. आता तुमच्यापैकी चौघींनी त्यांचा धरायचा आहे. तू त्यातली एक असशील तर त्यासाठी तुझा विश्वास मावशींएवढा मोठा असायला लागत नाही.

तर आता भेटीचं. ठाण्याहून वाशीची लोकल पकडून तू ऐरोलीला उतरतेस. एक दिवस उतरू नकोस. रबाळे, घणसोली, आणि पुढचं कोपरखैरणे. सगळ्यांना घेऊन जाऊ नकोस, एकटी जा. पाच-सहा जणींनी खाटेभोवती उभं राहून गीत म्हटलं की आजारी माणसाला आपण प्रेत झालो असं वाटू शकतं. मावशींना काय खायला चालतं ते सुनेला आधी फोन करून विचार. घास गिळताना त्रास होत असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेलंच न्यायचं. उजव्या हाताची नखं कुणी काढतंय का बघ, केसांना तेल लावायला येईल का विचार. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या अंगाला हात लावला आहे, तुझा हात त्यांना कळेल. मुलाच्या शाळेतलं सांग, ऑफिसातलं सांग. बोलायला त्यांना वेळ लागेल. मधेच शब्द पुरवू नकोस, थांब.

प्रार्थनेचं नाव तू आधी काढू नकोस. त्यांनी स्वतःच पुन्हा "ऐकतंय कोण?" असं विचारलं तर वचनं म्हणून दाखवायला लागू नकोस. खरं असेल ते सांग, की मावशी, मलाही हल्ली तसंच वाटतं, आणि मी त्यालाच विचारते आहे. त्यावर त्या काही म्हणतील किंवा म्हणणार नाहीत. निघताना त्यांना विचार, चिठ्ठ्यांतली नावं मी काही दिवस घेऊन जाऊ का. हो म्हणाल्या तर रोज घरी त्या नावांसाठी प्रार्थना कर, आणि त्यात मावशींचं नाव तुझ्या अक्षरात लिही. नाही म्हणाल्या तर फक्त त्यांचं एक नाव तुझ्यापाशी आहेच. पुढच्या आठवड्यात त्याच दिवशी पुन्हा जा.